द्वेष म्हणा, बाई

“कारण?” टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं.

“मी झहआना आहे,” सुहैर म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलाशी एक कारकून पावात पांढरं चीज भरून खात होता, तोही चावायचा थांबला.

दुम्यात शहरात हा शब्द कोण वापरत नाही? तिसऱ्या तासाला शाळेतलं पोर झहआन होतं. ऑगस्टच्या उकाड्यात सोफ्यांना पॉलिश मारणारा कारागीर झहआन होतो. इस्त्रीचा ढीग बघून बायका झहआना, वारा पडला की कोळी झहआन, रमजानातली मालिका लांबली की अख्खं घर झहआन. कंटाळा, वैताग, उबग, जीव नकोसा होणं, सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं. पण तसं म्हणून झालं की माणूस चहा टाकतो आणि पुन्हा कामाला लागतो. तो शब्द घेऊन घटस्फोट मागायला कुणी कचेरीत येत नाही.

“झहआना तर मीही आहे,” बाई म्हणाल्या. “हा मागे बसलाय ना, हाही आहे. मारतो का नवरा?”

“नाही.”

“घरात पैसे देत नाही?”

“सगळं देतात.”

“दुसरी कुणी? गोळ्या? हशीश?”

“सिगरेटसुद्धा ओढत नाहीत.”

“मग तू सोडलास की आधी मला कळव. माझी धाकटी बहीण बसलीये घरात.”

कारकून हसला. सुहैरही थोडी हसली. लोक हसले की आपणही हसायचं, ही सवय तिला संसारात लागली होती.

तिचा नवरा रिफअत लाकडावर नक्षी कोरायचा. दुम्यातच्या बाजारात त्याच्या हातच्या पलंगांना नाव होतं. गोरा, ठेंगणा, मिशीत भुसा अडकलेला, कुणाशी भांडण नाही, उधारी नाही, नमाज चुकवणं नाही. आणि बायकोला तर तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. वाईट बातमी घरात आली की तो ती दारातच अडवायचा. गल्लीत कुणी गेलं, बाजारात कुणाचं दुकान जळलं, सुहैरला सगळ्यात शेवटी कळायचं, तेही धार बोथट करून. “तू मनानं हळवी आहेस,” तो म्हणायचा. “तुला कशाला त्रास?” शेजारणी तिचा हेवा करायच्या.

थोरल्या तस्नीमनंतर सुहैरची दोन मुलं पोटातच गेली होती. तस्नीम अकरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब वाढलाय, अंथरुणावरून उठायचं नाही, मनाला धक्का बसता कामा नये. रिफअतनं खोलीतला टीव्हीसुद्धा बाहेर नेऊन ठेवला. त्याच सुमाराला तिच्या माहेरी, नदीकाठच्या इज्ब्याला, तिचे वडील, होड्या बांधणारे बदीअ, छातीत कळ येऊन पडले. त्यांना मन्सूराच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं.

सुहैर रोज विचारायची. रिफअत रोज सांगायचा, “बरे आहेत. आज सूप घेतलं.” मग, “आज बसले होते उशीला टेकून. तुझी चौकशी केली.” मग एक दिवस तो पेरूंची पिशवी घेऊन आला. “तुझ्या बाबांनी पाठवलेत. म्हणाले, मुलीला सांगा, पोटभर खा, नातू गोड निघेल.” तिला पेरू आवडायचे, अगदी कच्चट, दाताखाली करकरणारे. तिनं पिशवी उशाशी ठेवून घेतली. त्यानंतर दर आठवड्याला पेरू यायचे. तिची आई भेटायला यायची, फुलाफुलांचा रुमाल बांधून, पलंगाच्या कडेला बसून तिचे पाय चेपायची. “बाबा कसे आहेत?” विचारलं की म्हणायची, “आरामात आहेत ग. एकदम आरामात.”

एका दुपारी तस्नीम पलंगावर बसून आईबरोबर पेरू खात होती. खाता खाता म्हणाली, “आजोबांनापण असेच कच्चे आवडायचे, अल्लाह त्यांच्यावर दया करो.”

म्हणून झाल्यावर पोरीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

सुहैर ओरडली नाही. डॉक्टरांचं ऐकल्यासारखी ती अगदी हळू बोलली. “कधी?”

“मी नाही सांगणार.”

“तस्नीम, कधी?”

“चाळिसावा झाला परवा,” पोरगी म्हणाली आणि रडायला लागली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाबा मन्सूराला पोचले त्याच रात्री गेले होते. दफनाला रिफअत आणि सुहैरचा भाऊ हिलमी पुढे होते. घरातल्या सगळ्यांना शपथ घातली होती, पोरीलाही. आई भेटायला यायची ती सुतकाचा काळा रुमाल बांधून, आणि खालच्या जिन्यात पिशवीतून रंगीत रुमाल काढून बांधायची. जाताना तिथंच पुन्हा काळा.

सुहैरच्या हातात अर्धा पेरू होता. तो तिनं कुठे ठेवला ते तिला पुढे कधीच आठवलं नाही.

आणि मुलगा झाला. वेळेवर झाला, धडधाकट झाला, दृष्ट लागण्यासारखा. नाव आजोबांचं ठेवलं, बदीअ. सातव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं, रिवाजाप्रमाणे चाळणीत बाळ घालून हलवलं, आणि बायका एकमेकींना सांगत होत्या, पुरुष असावा तर असा. काळजावर दगड ठेवला बिचाऱ्यानं, पण पोर वाचवलं. डॉक्टरही म्हणाले, तुमच्या मिस्टरांनी शहाणपण केलं. सुहैर काय बोलणार? पोर मांडीवर हातपाय हलवत होतं.

ती फक्त आईशी एकदा बोलली. “बाबा मातीत होते आणि मी हसत हसत पेरू खात होते. तू समोर बसली होतीस.”

“तुझ्या पोरासाठी,” आई म्हणाली. “मी तो रुमाल बांधायचे तेव्हा मला काय होत असेल, ते विचारलंस कधी?”

सुहैरनं नव्हतं विचारलं.

पण तेव्हापासून तिला कुणाचा शब्द खरा वाटेना. रिफअत म्हणाला, हिलमीचा फोन आला होता, सगळे मजेत, की ती लगेच इज्ब्याला फोन लावायची. “आईला दे. नाही, तिच्याशीच बोलायचंय. नमाजावर असेल तर थांबते मी.” तस्नीम शाळेत गेली म्हटलं की तासाभरानं ती तान्ह्या बदीअला घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी. उन्हात, भिंतीला लागून, मधल्या सुटीत पोरगी दिसेपर्यंत. दिसली की घरी यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तस्नीमच्या मैत्रिणी हसायच्या. तस्नीम मान खाली घालून दुसऱ्या बाजूनं जायची.

रिफअतनं तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं विचारलं, काय होतंय? रिफअत म्हणाला, “नसा कमजोर झाल्यात हिच्या, बाळंतपणापासून.” गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनी झोप यायची, आणि जाग आल्यावर पहिला विचार यायचा तो हाच, की मी झोपले होते तेवढ्यात कोण गेलं, आणि हे मला कधी सांगणार आहेत.

असं दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी रिफअत चहा घेऊन आला आणि म्हणाला, “सगळं छान आहे, तू पडून राहा.” त्याच्या बोलण्यात काहीही नव्हतं. रोजचंच वाक्य. पण सुहैरला वाटलं, हे वाक्य आणखी एकदा ऐकलं तर आपण जिन्यावरून उडी टाकू. खरंच टाकू. ती उठून बाहेर गेली, जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली, खाली बघितलं, आणि घाबरून पोरांचे कपडे भरायला लागली.

“काय झालं?” रिफअत मागे उभा राहून विचारत होता. “मी काही बोललो का?”

“मी झहआना आहे,” ती म्हणाली. दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता.

इज्ब्याला आईनं दोन दिवस लाड केले, तिसऱ्या दिवशी तोंड सोडलं. “झहआना? मी तुझ्या बापाबरोबर चाळीस वर्षं झहआना होते. म्हणून काय मी कोर्टात गेले? दुखणं ना खुपणं, सुखाला काटे टोचतात तुझ्या. बदक भाजून घाल त्याला, दोन दिवस रुसून बस, आणि जा.”

हिलमी वडिलांच्या कारखान्यात अर्धवट होडीच्या पोटात बसून फळ्या ठोकत राहिला, बहिणीकडे पाठ करून.

शेवटी ती त्या कचेरीत जाऊन आली, आणि तिथून वकीलबाईंकडे. त्या दुम्यातच्याच, पन्नाशीच्या, घाईतल्या. त्यांनी अर्ध्या पानात विषय मिटवला. “तुझ्याकडे पुरावा नाही. म्हणजे खुलअ, बायकोच्या बाजूनं घेतलेला तलाक. मेहर परत कर, सगळे हक्क सोड, आणि न्यायाधीशासमोर एक वाक्य म्हण. बस. त्याचा दोष सिद्ध करायचा नाही.”

“कुठलं वाक्य?”

वकीलबाईंनी पाठ म्हणावं तसं म्हटलं: “याच्यासोबतच्या संसाराचा मला द्वेष वाटतो, तो पुढे चालवणं शक्य नाही, आणि या द्वेषापायी अल्लाहनं घालून दिलेल्या मर्यादा माझ्याकडून मोडतील अशी मला भीती वाटते.”

सुहैरनं ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं. “मला त्यांचा द्वेष वाटत नाही.”

“द्वेष म्हणा, बाई. कोण मोजायला येतंय?”

“अल्लाहचं नाव आहे त्यात.”

“मग झहआना म्हणा, आणि घरी जाऊन बदक भाजा,” वकीलबाई म्हणाल्या. त्यांना सुहैरच्या आईचं बोलणं माहीत असण्याचं कारण नव्हतं. सगळ्या आया तेच सांगत असाव्यात.

कोर्टानं दोन मध्यस्थ नेमले. एक समाजसेविका होती, तिनं मुलांबद्दल विचारून कागद भरले. दुसरे एक म्हातारे शेख होते, दम्यानं धापा टाकणारे, डोळ्यांनी हसणारे. त्यांनी रिफअतला आधी ऐकलं. तो रडला. मग त्याला बाहेर बसवून सुहैरला आत बोलावलं.

“बोल मुली. काय केलं त्यानं?”

“काही नाही, मौलाना. मी झहआना आहे.”

“झहआन माणूस मुलूखियाच्या भाजीला होतो. रोज तीच वाढली की. माणसाला कसा होईल?” ते हसले, खोकले. “आमच्या घरी विचार. आमची म्हातारी मला झहआना आहे, मी तिला. म्हणून तर जमतंय.”

सुहैर हसली नाही. या वेळी नाही. “मौलाना, कुणी तुमच्याशी खोटं बोललं, तुमच्या भल्यासाठी बोललं, आणि भलं झालंही. मग त्यानंतर तुम्हाला जे वाटतं, त्याला काय म्हणतात?”

मग तिनं बाबांचं सांगितलं. रुमालाचं सांगितलं. ती पेरूंपर्यंत आली तेव्हा शेखनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

“लोक त्याला कृतघ्नपणा म्हणतील,” ते शेवटी म्हणाले.

“आणि तुम्ही?”

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. आयुष्यभर कुराणातले शब्द शिकवलेला माणूस, पण त्यांना घाई नव्हती. “मला सापडत नाहीये,” ते म्हणाले. “असेल एखादा. झहआना लहान पडतो आणि द्वेष मोठा होतो, मधलं काहीतरी. पण कायदा मधलं मागत नाही, पोरी. तो द्वेष मागतो. तुझ्याजवळ नसेल तर घरी जा, त्या माणसाशी बोल. तू हे सगळं त्याला कधी सांगितलंस का?”

“नाही.”

“मग आधी सांग. आणि तो शब्द उगाच काढू नकोस. तोंडातून गेला की परत गिळता येत नाही.”

शेवटच्या तारखेला सुहैर लवकर गेली. शेखचं बोलणं तिनं घट्ट धरून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर तिला वाटत होतं की आज ती घरी जाईल. रिफअतला ती सांगेल, तो ऐकेल, त्याला कळेल, आणि एवढं कळलं की बाकी सगळं पेलण्यासारखं होतं. पलंग, भुसा, मिशी, सगळं.

तो व्हरांड्यात बाकावर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, हातात बदीअसाठी बिस्किटांचा पुडा. तिला बघून उठला, जागा दिली.

“मला काही विचारायचंय,” ती म्हणाली.

“विचार. मी कशात कमी पडलो तेवढं मला सांग. मी मन्सूरालाच काय, कैरोला नेतो डॉक्टरकडे.”

“ते पेरू कुठून आणायचात?”

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. “बाजारातून. तुला आवडतात म्हणून.”

“बाबांच्या नावानं का?”

“तू खात नव्हतीस काही. बाबांनी दिले म्हटल्यावर खाल्लेस. डॉक्टर म्हणाले होते, अशक्तपणा आहे.” तो थोडा वाकला, समजावणीच्या सुरात बोलायला लागला. “त्याचंच घेऊन बसलीस का एवढे दिवस? अग, मलाही सोपं नव्हतं. माझे हात त्यांच्या मातीनं भरलेले आणि घरी येऊन तुझ्यासमोर हसायचं. पण बघ, बदीअ आहे ना आज.”

“आहे.”

“मग?”

“मला सांगायला हवं होतंत.”

“आणि पोर गेलं असतं म्हणजे?”

पोर गेलं असतं का, नसतं का, कुणाला ठाऊक? ती एवढंच म्हणाली, “पुन्हा अशी वेळ आली. आईची आली. तर सांगाल मला?”

रिफअतनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माया होती, सगळं होतं. त्या दिवशी तरी तो खोटं बोलू शकला असता. पण हेच एक तो खरं बोलला. “नाही,” तो म्हणाला. “तुला जपायचं तर नाही सांगणार. पुन्हा पेरूच आणीन.”

शिपायानं नाव पुकारलं.

आत पंखा फिरत होता आणि खुर्च्यांना नुकतंच पॉलिश केल्याचा वास होता. न्यायाधीशांनी विचारलं, मध्यस्थी निष्फळ झाली आहे, अर्जदार बाईंचं काय म्हणणं आहे?

सुहैर उभी राहिली. मागून रिफअत हळूच म्हणाला, “साहेब, तिची तब्येत ठीक नाही. ती थकलीये.”

“तुम्हाला विचारलेलं नाही,” न्यायाधीश म्हणाले. “बोला बाई.”

“मला याच्यासोबतच्या संसाराचा,” ती म्हणाली आणि थांबली. लेखनिक वर बघत होता. वकीलबाईंनी कोपरानं ढोसलं. सुहैरनं आपल्या आत शोधून पाहिलं, आणि तो शब्द तिथं होता. व्हरांड्यातून येतानाच आत आला असावा. तिला त्याची भीती वाटली, घरात साप दिसावा तशी. “द्वेष वाटतो,” ती म्हणाली. पुढचं वाक्य तिनं एका दमात, एकही अक्षर न चुकता म्हटलं.

मागे कुणीतरी बिस्किटांचा पुडा चुरगाळला.

निकाल तिच्या बाजूनं लागला. वकीलबाई म्हणाल्या, “सुटलीस.” ती मायक्रोबसच्या थांब्यापर्यंत चालत आली आणि तिथं तिला उलटी झाली.

इज्ब्यात गोष्टी नदीच्या दोन्ही काठांना एकदमच पोचतात. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की बदीअ होडीवाल्याच्या मुलीनं भर कोर्टात नवऱ्याचा द्वेष करते असं म्हटलं. तस्नीमला ते शाळेतल्या मुलीकडून कळलं. त्यानंतरच्या एका शुक्रवारी दुपारी गच्चीवर आई वाळलेले कपडे काढत होती तिथं आली, आणि दोरीच्या पलीकडे उभी राहिली.

“बाबा वाईट नाहीत,” ती म्हणाली.

“नाहीत.”

“मग तसं का म्हणालीस?”

“म्हटल्याशिवाय सुटका नव्हती.”

“म्हणजे खोटंच म्हणालीस ना? कायद्यासाठी?”

सुहैरच्या हातात चादर होती. पोरीचं तोंड उतरलं होतं. ती एका ‘हो’साठी तिथं उभी होती. हो म्हटलं असतं तर जेवली असती, झोपली असती. कुठल्याही आईनं म्हटलं असतं. सुहैरच्या ओठांवर तो ‘हो’ आला होता.

“नाही,” ती म्हणाली. “म्हणाले तेव्हा खरं होतं.”

“आणि आता?”

“आता मला माहीत नाही, तस्नीम.”

तस्नीमनं दोरीवरचे फक्त स्वतःचे कपडे काढले. घडी न घालता छातीशी धरले. “मला बाबांकडे जायचंय,” ती म्हणाली.

कायद्यानं तिला अडवता आलं असतं. सुहैर तिच्याबरोबर थांब्यापर्यंत गेली, पिशवी वर ठेवून दिली. मायक्रोबस भरायला वेळ लागला. तस्नीम पलीकडच्या खिडकीशी बसली आणि तिनं मान वळवली नाही. गाडी गेल्यावर धुळीत उभ्या उभ्या सुहैरला वाटलं, त्यांनी मला चाळीस दिवस रडू दिलं नाही, आणि मी खरं बोलून हिला एक दिवस हसू दिलं नाही. यातलं कुठलं चांगलं, ते तिला सांगता येईना. ज्याला विचारावं असा माणूसही उरला नव्हता.

घरी आई उंबऱ्यात बसून द्राक्षाच्या पानात भात गुंडाळत होती, बदीअ तिच्या पाठीवर चढत होता.

“कधी येणार पोरगी?”

“माहीत नाही.”

“येईल ग,” आई म्हणाली. “चार दिवसांत येते बघ. कुठे जाते?”

“आई,” सुहैर म्हणाली, “माहीत नसेल तर म्हणू नकोस.”

आईनं हातातलं पान गुंडाळून संपवलं. सुहैर शेजारी बसली आणि दुसरं पान हातात घेतलं.

तस्नीम त्या आठवड्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.